तांबड्या समुद्राखालची भट्टी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात शिक्षणाचे महत्त्व या विषयावर कोणीतरी बोलतो आणि आपण सर्व जण ते शांतपणे ऐकून घेतो. यंदा कार्यवाहांनी मला सांगितले की शिक्षणाचे महत्त्व राहू द्या, एखादा धडाच घ्या. म्हणून मी फळा मागवून घेतला आहे. मी बी. ए., बी. एड. झालेला भूगोलाचा शिक्षक आहे, शास्त्रज्ञ नव्हे. तेव्हा आज जे सांगणार आहे ते मी पुस्तके वाचून, आकडे मांडून आणि एक चूक करून शिकलेले आहे. सुरुवात त्या चुकीपासूनच करतो.

माझे आजोबा जहाजावर आगवाले होते. आपल्यापैकी पुष्कळ घरांतून कोणी ना कोणी जहाजावर होतेच, त्यामुळे आगवाला म्हणजे काय हे येथे समजावून सांगण्याचे कारण नाही. मुंबईहून जिद्दाला हजची जहाजे १९९५ पर्यंत जात असत. आजोबांनी त्या मार्गावर कित्येक फेऱ्या केल्या. ते सांगत, "एडन मागे टाकले, बाब-अल-मंदबची सामुद्रधुनी ओलांडली, की रात्रीसुद्धा समुद्र कोमट लागतो. इंजिनाला थंड करायला पाणी घ्यायचे, तर तेच गरम. या दर्याच्या खाली भट्टी आहे बघ!" लहानपणी मला ते वाक्य फार आवडे. बॉयलरपुढे आयुष्य काढलेल्या माणसाला समुद्राखालीही भट्टीच दिसणार, दुसरे काय?

पुढे मी शिक्षक झालो. नववीच्या वर्गात खचदऱ्या शिकवीत होतो. जमिनीचे कवच दोन्ही बाजूंनी ताणले जाते, मधला भाग खचतो, आफ्रिकेतली मोठी खचदरी आणि तांबडा समुद्र ही त्याची उदाहरणे होत, हे सांगून झाले. मग एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, माझी नानी हजला जहाजाने गेली होती. ती म्हणते तांबड्या समुद्राचे पाणी गरम असते. ते का?" मला आजोबा आठवले. मी मोठ्या ऐटीत सांगितले की खाली खचदरी आहे, तेथून पृथ्वीच्या पोटातली उष्णता वर येते, म्हणून. ती मुलगी बसली नाही. म्हणाली, "मग सर, जसे खोल जावे तसे पाणी जास्त गरम लागत असेल?" मी म्हणालो, "अर्थात."

मित्रहो, हे 'अर्थात' फार घातक असते. त्या रात्री मी पुस्तक उघडले आणि पाहिले तर तांबड्या समुद्राचे पाणी वरच्या थरात उन्हाळ्यात ३० अंशांच्या आसपास, आणि खाली सुमारे २०० मीटरपासून थेट दोन किलोमीटर खोलीपर्यंत जवळजवळ सारखेच, साडेएकवीस अंश. खाली जाताना तापमान वाढत नव्हते, उतरत होते. मी वर्गात जे ठासून सांगितले होते ते साफ चूक होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी ते कबूल केले. वर्गात थोडी हसाहशी झाली. ती व्हायचीच. पण नुसते कबूल करून भागेना. माझे उत्तर चूक का, हे मुलांना आकड्यांनी पटायला हवे होते. म्हणून आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. तो हिशेब मी आज पुन्हा मांडतो, कारण त्यासाठी आठवीपर्यंतचे गणित पुरते.

पृथ्वीच्या पोटात उष्णता आहे हे खरेच. खाणीत किंवा खोल विंधनविहिरीत उतरावे तसे तापमान वाढते, सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. ही उष्णता जमिनीतून सतत वर झिरपत असते. किती झिरपते, हे मोजण्याची रीत सोपी आहे. खोल छिद्रात तापमापक सोडून तापमान खोलीबरोबर किती वाढते ते पाहावयाचे. तो खडक उष्णता किती सुलभतेने वाहू देतो, म्हणजे त्याची वाहकता, ती प्रयोगशाळेत काढावयाची. मग दोन्हींचा गुणाकार करावयाचा, की उष्णतेचा प्रवाह मिळतो. गुणाकार सोपा, मोजणी मात्र चिकाटीची. छिद्र पाडताना खडक गरम-थंड होतो, तो मूळ स्थितीवर येईपर्यंत थांबावे लागते. वरच्या थरातले आकडे कामाचे नसतात, कारण दिवसाचे ऊन जमिनीत हातभर जाते आणि वर्षाचे ऊन-थंडी दहापंधरा मीटरपर्यंत पोचते. त्याखाली बारमाही एकच तापमान. आपल्या खोल विहिरींचे पाणी मे महिन्यात गार आणि जानेवारीत कोमट लागते ना? पाणी बदलत नाही, बाहेरची हवा बदलते.

तर असे मोजून निघते ते असे की भूखंडांवर सरासरीने एका चौरस मीटरमधून सुमारे ६५ मिलिवॉट एवढी उष्णता बाहेर पडते. मिलिवॉट म्हणजे वॉटचा हजारावा भाग. आपल्या शाळेतला एक वर्ग घ्या, आठ मीटर लांब आणि सहा मीटर रुंद. त्याच्या सबंध फरशीतून पृथ्वीची जेवढी उष्णता वर येते, तेवढ्यात रात्री जिन्यात लावायचा तीन वॉटचा एक छोटा दिवा लागेल. बस्स, एवढीच! सबंध पृथ्वीची बेरीज केली तर मात्र ती सुमारे ४७ लाख कोटी वॉट होते. थेंब लहान, पण तळे मोठे.

आता तांबडा समुद्र. त्याची सरासरी खोली सुमारे ५०० मीटर. तळातून येणारी उष्णता मी सढळ हाताने धरली, चौरस मीटरला १०० मिलिवॉट. एक चौरस मीटर रुंद आणि ५०० मीटर उंच असा पाण्याचा खांब डोळ्यांपुढे आणा. त्यात पाच लाख किलो पाणी आहे. ते फक्त एक अंशाने तापवायला या उष्णतेला किती काळ लागेल? मुलांनी भागाकार केला. उत्तर आले सुमारे साडेसहाशे वर्षे! आणि या समुद्रातले खोल पाणी तर शंभर वर्षांच्या आतच बदलून नवे येते. म्हणजे खालच्या भट्टीला पाणी तापवायला सवडच मिळत नाही.

मग खाली साडेएकवीस अंश तरी का? इतर महासागरांत दोन किलोमीटर खाली पाणी दोन-तीन अंशांइतके थंडगार असते. येथे ते नाही याचे कारण समुद्राचा उंबरठा. दक्षिणेकडे, सामुद्रधुनीच्या अलीकडे, तळ उंचावलेला आहे आणि तेथे पाण्याची खोली जेमतेम १३७ मीटर भरते. हिंदी महासागराचे खोल थंड पाणी हा उंबरठा ओलांडू शकत नाही. या समुद्रातून दरवर्षी सुमारे दोन मीटर पाण्याची वाफ होते, नद्या एकही मोठी मिळत नाही, त्यामुळे पाणी अतिशय खारट होते. उत्तरेकडे हिवाळ्यात ते थोडे निवते, जड होते आणि तळाशी बसते. ते निवते फार तर एकवीस-बावीस अंशांपर्यंत. म्हणून तळही तेवढाच. सगळा खेळ उन्हाचा, वाऱ्याचा आणि मिठाचा. त्यात भट्टीचा संबंध नाही.

येथे धडा संपला असता. पण ती विद्यार्थिनी पुन्हा उभी राहिली. "मग सर, खाली भट्टी नाहीच का?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला एक वर्षाहून अधिक काळ लागला. भट्टी आहे. पण ती दिसते कशी, आणि तिची बातमी वर येते कशी, हे समजून घेण्यातच खरी गंमत आहे.

स्वीडनचे 'अल्बाट्रॉस' हे संशोधनजहाज १९४८ मध्ये तांबड्या समुद्रातून चालले होते. तळाजवळच्या पाण्याचे नमुने घेताना एका ठिकाणी पाणी अपेक्षेपेक्षा गरम आणि खारट निघाले. पुढे १९६३ ते १९६६ या काळात ब्रिटिश आणि अमेरिकन जहाजांनी ती जागा नीट शोधली. समुद्राच्या मधोमध, दोन किलोमीटरहून अधिक खोलीवर, तळात काही खड्डे आहेत. त्यांत नेहमीच्या समुद्राच्या सातपट खारट असे जड पाणी वेगळे साचून राहिलेले आहे. सर्वांत मोठ्या खड्ड्याला त्याचा शोध घेणाऱ्या एका अमेरिकन जहाजाचेच नाव मिळाले, 'अटलांटिस दोन'. त्यातल्या पाण्याचे तापमान १९६६ मध्ये ५६ अंश होते. नव्वदच्या दशकात ते ६६ अंशांच्या वर गेलेले आढळले. खाली गाळ आहे, त्यात जस्त, तांबे, चांदी आहे. १९७९ मध्ये तो गाळ उपसून पाहण्याचा प्रयोगही झाला. हा खड्डा कोठे आहे म्हणाल तर जिद्दाच्या पश्चिमेस शंभर-सव्वाशे किलोमीटरवर! आमचे आजोबा, आणि या सभागृहातील कित्येकांचे आजी-आजोबा, त्याच पाण्यातून लब्बैक म्हणत गेले होते. त्यांच्या खाली इतक्या खोल एक कढत हौद भरलेला होता, आणि वरचे पाणी मात्र केवळ उन्हाने कोमट होते. आजोबांचे वाक्य खरे होते, त्याला दिलेला पुरावा चुकीचा होता.

आता या भट्टीची रचना पाहू. (फळ्यावर आकृती काढली.) ही वरची रेघ म्हणजे जमीन. अरबस्तानचा पश्चिम भाग हा अतिशय जुन्या, कठीण खडकांचा आहे. त्याला ढालप्रदेश म्हणतात. तेथे भूकवचाची जाडी ३५ ते ४० किलोमीटर. त्याखाली प्रावरण. खूप खोल गेल्यावर प्रावरणाचे तापमान सुमारे १३०० अंश असते, तरी तेथला खडक घनच असतो, कारण त्यावर प्रचंड दाब आहे. पृष्ठभागाजवळच्या दाबाला तोच खडक सुमारे ११०० अंशांवरच वितळू लागेल.

हे भगिनींना लगेच समजेल. प्रेशर कुकरमधले पाणी शंभर अंशांच्या वर गेलेले असते, पण दाबामुळे उकळत नाही. शिट्टी उचलली, दाब उतरला, की गॅस बंद असला तरी आतले पाणी खळखळू लागते. नवी उष्णता दिलेली नाही, फक्त दाब काढला. खचदरीखाली हेच घडते. कवच दोन्हीकडून ताणले जाते, कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ओढल्यावर मध्ये पातळ होतो तसे. त्या पातळ जागेखाली प्रावरण वर सरकते, त्यावरचा दाब उतरतो, आणि नवी आग न लावताच खडक अंशतः वितळून शिलारस तयार होतो. तांबड्या समुद्राच्या परिसरात ही ओढाताण सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. मधल्या अक्षावर आता जुने भूकवच उरलेलेच नाही. तेथे नवा समुद्रतळ तयार होतो, आणि त्याचे कवच केवळ पाच ते आठ किलोमीटर जाड. म्हणजे जिद्दाच्या पूर्वेला ४० किलोमीटर खालीसुद्धा जे तापमान भेटत नाही, ते समुद्राच्या मध्यावर थोड्याच किलोमीटरवर भेटते. दोन्ही किनारे एकमेकांपासून वर्षाला एक ते दीड सेंटिमीटर दूर जात आहेत. दक्षिणेला अधिक, उत्तरेला कमी.

आता असे वाटेल की अशा जागेच्या भोवती सगळीकडे जमीन तापलेली असेल. येथेच या विषयातले मला सर्वांत आवडलेले प्रकरण येते.

समुद्राच्या मधल्या पट्ट्यात उष्णतेचा प्रवाह जागतिक सरासरीच्या दुप्पट आणि अक्षाजवळ कित्येक पट भरतो. हे ठीक. पण किनारा सोडून अरबस्तानच्या ढालप्रदेशात शिरावे तर तो झपाट्याने उतरून ४०-४५ मिलिवॉटवर येतो, म्हणजे भूखंडांच्या सरासरीपेक्षाही कमी. आणि गंमत अशी की त्याच ढालप्रदेशावर ज्वालामुखी आहेत! लाव्हाच्या त्या काळ्या मैदानांना अरबीत 'हर्रा' म्हणतात. मदीना शरीफजवळच्या हर्रा रहातमध्ये इसवी सन १२५६, हिजरी ६५४ मध्ये उद्रेक झाला. तो ५२ दिवस चालला आणि लाव्हा सुमारे २३ किलोमीटर वाहत गेला. त्या काळच्या इतिहासकारांनी आधीच्या भूकंपांपासून सगळी हकीकत लिहून ठेवली आहे, आणि आजचे भूशास्त्रज्ञ त्या नोंदी प्रत्यक्ष खडकांशी ताडून पाहतात. भूकंपलहरींवरून असेही दिसते की त्या भागाखालचा घन थर एके काळी होता त्याहून बराच पातळ झाला आहे, गरम प्रावरण वर आले आहे. खाली आग, वर ज्वालामुखी, आणि मधल्या खडकात तापमापक घातला तर तो म्हणतो, येथे काही विशेष नाही!

याचा उलगडा कसा करावयाचा? उष्णता खडकातून किती हळू चालते यात तो आहे. एक किलोमीटर जाडीच्या खडकाच्या एका बाजूला तापवले तर ती बातमी दुसऱ्या बाजूला नीट पोचायला सुमारे ३० हजार वर्षे लागतात. जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट नव्हे, चौपट. दहापट झाली तर शंभरपट. म्हणजे दहा किलोमीटरला ३० लाख वर्षे. ६० किलोमीटरला दहा कोटी. अरबस्तानखाली प्रावरण वर आले त्याला अजून पुरती तीन कोटी वर्षेही झालेली नाहीत. उष्णता निघालेली आहे, ती वाटेत आहे.

आजोबा जिद्दाहून पत्र टाकीत. पुष्कळदा असे होई की ते स्वतः घरी येऊन, चहा पिऊन, बाहेर खाटेवर बसलेले असत आणि पोस्टमन त्यांचेच पत्र घेऊन येई. "मी खुशाल आहे, महिन्याभरात निघेन." आजी ते पत्र त्यांनाच वाचून दाखवायला लावी. जमिनीतून झिरपणारी उष्णता ही अशीच जुनी चिठ्ठी आहे. ती खोटी नसते. पण ती आजची नसते. खाली आज काय चालले आहे हे नुसत्या त्या चिठ्ठीवरून ठरवू नये, एवढे कळायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला.

लॉर्ड केल्विन हे केवढे थोर पदार्थवैज्ञानिक! त्यांनी १८६२ मध्ये याच उष्णतेवरून पृथ्वीचे वय काढले. तप्त गोळा निवत निवत आजच्या स्थितीला यायला किती काळ लागेल, असा तो हिशेब. पुढे त्यांनी ते दोन ते चार कोटी वर्षांपर्यंत आणून ठेवले. आज आपण ते साडेचार अब्ज वर्षे मानतो. पाठ्यपुस्तके सांगतात की किरणोत्सारी द्रव्यांची उष्णता त्यांना ठाऊक नव्हती म्हणून ते चुकले. ते अर्धेच खरे आहे. जॉन पेरी हे त्यांचेच एके काळचे साहाय्यक. त्यांनी १८९५ मध्ये दाखवून दिले की पृथ्वीच्या आतला भाग जर उष्णता सहज इकडून तिकडे नेत असेल, तर केल्विनचे उत्तर कितीतरी पटींनी वाढते. आज आपण जाणतो की प्रावरण घन असूनही फार मंद गतीने वाहते, आणि वाहताना उष्णता बरोबर नेते. पेरींचा मुद्दा बरोबर होता. मोठ्या माणसापुढे धाकट्याने उभे राहून "पण सर" म्हणावे, हे काही आमच्याच वर्गात घडले असे नाही.

तेव्हा उष्णता वर येण्याच्या दोन तऱ्हा झाल्या. एक, खडकातून कणाकणाने झिरपत. दुसरी, कोणाच्या तरी पाठीवर बसून. वर सरकणारे प्रावरण, शिलारस आणि पाणी हे तिचे हमाल. प्रावरण वर्षाला एक सेंटिमीटर वर आले, तर दहा किलोमीटर चढायला त्याला दहा लाख वर्षे लागतात. तेवढेच अंतर झिरपत जायला तीस लाख. म्हणजे चढणारा खडक वाटेत फारसा निवत नाही, गरम राहूनच पोचतो आणि वितळतो. तेच जर वर्षाला एक मिलिमीटरने चढले तर वाटेतच उष्णता आजूबाजूला गमावून बसते, मग शिलारस थोडाच होतो. ताण जलद की मंद, यावर एखाद्या खचदरीत ज्वालामुखी किती आणि नुसत्या भेगा किती हे बरेचसे ठरते.

शिलारसाला तर वर्षे लागत नाहीत, दिवस पुरतात. मदीनेच्या वायव्येला हर्रा लुनय्यिर म्हणून लाव्हाचे एक मैदान आहे. २००९ च्या वसंतात तेथे भूकंपांची रांग लागली. हजारोंच्या संख्येने धक्के नोंदले गेले. १९ मे रोजी ५.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि वाळवंटात कित्येक किलोमीटर लांबीची भेग पडली. सौदी सरकारने तीस हजारांहून अधिक लोकांना अल-ईस आणि भोवतालच्या वस्त्यांतून हलवले. शिलारसाची एक उभी पाचर जमिनीत घुसली होती. ती पृष्ठभागापासून दोनएक किलोमीटरवर येऊन थांबली. उद्रेक झाला नाही, लोक परत आले. लोकांना हलवायचे की नाही, हे ठरवताना जमिनीच्या उष्णताप्रवाहाचा उपयोग नव्हता. ती जुनी चिठ्ठी होती. उपयोग झाला भूकंपमापकांचा आणि उपग्रहांनी मोजलेल्या जमिनीच्या फुगवट्याचा. कोणत्या प्रश्नाला कोणते माप लावायचे, हे ठाऊक असलेली माणसे तेथे होती.

याहून मोठी घटना २००५ मध्ये झाली. तांबडा समुद्र, एडनचे आखात आणि आफ्रिकेची खचदरी या तिन्ही जेथे मिळतात, तो इथिओपियाचा अफार प्रदेश. तेथे सप्टेंबरच्या सुमारास काही आठवड्यांत ६० किलोमीटर लांबीची जमीन फाटली आणि काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत रुंदावली. सेंटिमीटराने मोजायच्या कामाची कित्येक शतकांची थकबाकी एकदम वसूल झाली. वर लाव्हा जवळजवळ आलाच नाही. सगळा शिलारस भेगेतच भरून राहिला आणि आता तेथे तो सावकाश निवतो आहे, भोवतालचा खडक तापवतो आहे.

पाणी हा तिसरा हमाल, आणि माणसाच्या सर्वांत उपयोगाचा. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, तापते आणि वर येते. केनियाच्या खचदरीत ओल्कारिया येथे अशी वाफ विंधनविहिरींतून काढून १९८१ पासून वीज तयार होते, आणि आज त्या देशाच्या विजेचा फार मोठा वाटा भूऔष्णिक आहे. कोळसा नाही, तेल नाही. आपल्या समाजाची मुले नोकरीसाठी आफ्रिकेला आणि आखाताला जातात. हे क्षेत्रही त्यांच्या कानावर असावे म्हणून सांगितले. भूभौतिकी हा विषय घेऊन पदवी घेता येते. हैदराबादला राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आहे, तेथे भारतभूमीचा उष्णताप्रवाह कित्येक दशके मोजला जात आहे. मुलींना या विषयात घालावे की नाही असे मला एका पालकांनी विचारले होते. हा सगळा धडा ज्या प्रश्नावर उभा आहे तो एका मुलीने विचारला होता, एवढे मी त्यांना सांगितले. पुढे काय ठरले ते त्यांचे त्यांना ठाऊक.

आता कोणी विचारील, आपल्या कोकणात उन्हाळी आहेत, उन्हवऱ्याला, आरवलीला, तुरळला, राजापूरला. तेथे खाली भट्टी आहे काय? उन्हवऱ्याचे पाणी ७० अंशांच्या जवळपास असते, हात घालवत नाही. पण बहुतेक भूशास्त्रज्ञांचे मत असे की येथे खाली शिलारस नाही. पाणी लांबच्या भेगांतून खूप खोल उतरते, तेथल्या नेहमीच्याच उष्णतेने तापते आणि निवायला वेळ मिळण्याआधी वर येते. भूकवच शांत असले तरी हमाल चांगला असला की माल वर पोचतो. याच्या उलट उदाहरण कोलारच्या सोन्याच्या खाणीचे. ती २००१ मध्ये बंद झाली. तीन किलोमीटरहून अधिक खोल होती, तरी तळाच्या खडकाचे तापमान ६५ अंशांच्या आसपासच. तो जुना, थंड ढालप्रदेश.

कोकणचा किनाराही कधी काळी तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यासारखाच होता, हे मात्र खरे. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा आपल्यापासून फाटून गेला, तेव्हा येथेही कवच ताणले, पातळ झाले, खाली प्रावरण चढले. त्या वेळी निघालेली उष्णता इतक्या काळात बहुतेक झिरपून गेली आहे. फाटण्याची ती जागा आता दूर अरबी समुद्राच्या मध्यात सरकली आहे. तेथून ती रेघ एडनच्या आखातातून तांबड्या समुद्राकडे जाते. आजोबांचे जहाज बाब-अल-मंदबपर्यंतची पुष्कळशी वाट त्याच रेघेजवळून कापत असे.

ही सगळी हकीकत मी आजोबांना त्यांच्या शेवटच्या वर्षी सांगितली. कान गेले होते, मोठ्याने सांगावे लागले. पाणी उन्हाने गरम होते, हे त्यांना मुळीच पटले नाही. "रात्री कुठले ऊन?" म्हणाले. मी म्हटले, दिवसाचे साठलेले. त्यावर गप्प राहिले. खड्ड्यातले छप्पन्न अंशांचे पाणी जिद्दापासून इतक्या जवळ आहे म्हटल्यावर मात्र उठून बसले. आजीला हाक मारली आणि म्हणाले, "ऐकलेस? पोरगा आज कबूल करतोय."

ती विद्यार्थिनी आता बारावी शास्त्र शाखेत आहे. मागच्या मे महिन्यात तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मोहल्ल्यातल्या सात विहिरींच्या पाण्याचे तापमान घेतले, आणि पुन्हा जानेवारीत घेतले. पाच विहिरींत फरक एका अंशाच्या आत आला. दोन उथळ होत्या, त्यांत अधिक आला. वही बाहेर टेबलावर ठेवली आहे, पालकांनी जाताना अवश्य पाहावी. सातव्या विहिरीचा जानेवारीतला आकडा मला संशयास्पद वाटतो. तापमापक वर ओढताना उशीर झाला असावा, असे मी तिला म्हटले आहे. ती म्हणते, नाही. पुढच्या जानेवारीत पुन्हा मोजणार आहोत.

आकृती फळ्यावर तशीच ठेवतो. कोणाला उतरवून घ्यावयाची असल्यास घ्यावी. आणि प्रश्न असतील तर आता विचारावेत.